सुभद्राबाईच्या घरची घरसभा

८ जानेवारी, बुधवार

पावभाजी! घरसभेला पावभाजी! वर गुलाबजाम, आणि ते संपत नाहीत तोच आइसक्रीम. आज पाळी नत्थुजींकडे होती. चर्चच्या मंडळीतले मोठे वडील, म्हणजे एल्डर हे, रविवारी उपासनेत साधेपणावर बोलतात! दर बुधवारी एकाच्या घरी जमायचं, दोन गीतं, एक वचन, प्रार्थना आणि कपभर चहा – एवढंच होतं हे. मागच्या बुधवारी कचोरी झाली, त्याच्या आधी आलूबोंडे. आता लोक प्रार्थनेला उशिरा येतात अन् नाश्त्याला बरोबर वेळेवर. पुढे काय, बिर्याणी?

घरी येऊन देवानंदपुढे सगळी भडास काढली. ऐकून घेतलं आणि म्हणतो, "मंग दोन प्लेटा कावून खाल्ल्या?" नवऱ्यांनी बायकोच्या प्लेटा मोजू नयेत.

१२ जानेवारी, रविवार

उपासनेनंतर वडीलमंडळाची बैठक. आम्ही प्रेसबिटेरियन, म्हणजे सगळं वडिलांनी बसून ठरवायचं. आणि आमचे वडील बसले की नुसते बसतात! स्त्री-मंडळाची चिटणीस म्हणून मलाही बसावं लागतं. पाळकसाहेबांचं आउटरीच, आउटरीच, आउटरीच – मंडळीबाहेरच्या लोकांपर्यंत पोचायचं म्हणे. भातकुलीला चादरी वाटायच्या – ठीक. पण सगळा वेळ गेला बॅनर केवढं आणि त्यावर फोटो कोणाचा, ह्यात. पाळकसाहेब पुण्याहून आलेत, बोलतात गोड, पण आपल्याच मंडळीतली अर्धी घरं अजून पाहिली नाहीत त्यांनी. उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय.

मग बावीस तारखेच्या पाळीचं निघालं. सुभद्राबाईची पाळी. दवाखान्यात आया आहे ती, नवरा वारला, बडनेरा रोडपलीकडच्या वस्तीत एक खोली, त्यात ती आणि मुलगी. नत्थुजी म्हणाले, "बिचारीवर कायले भार टाकता? हॉलातच घेऊन टाकू." लगेच सगळ्यांच्या माना हलल्या. माझीही हलली. आणि तिला हे सांगायचं काम कोणावर? चिटणीसबाईंवर, अजून कोणावर!

१३ जानेवारी, सोमवार

गेले. नीट, गोड शब्दांत सांगितलं. सुभद्राबाई तांदूळ निवडत होती, तिनं सूप बाजूला ठेवलं.

"हॉलात? कावून? माह्या घराले दार नाही का?"

मी म्हटलं, तसं नाही हो, तुमाले त्रास नको म्हणून. तर म्हणे, "त्रास मले होईन ना? मंग मी पाहीन."

नंतर खरं काय ते कळलं. तिच्या पायलचं अकोल्याला जमत आलंय. तिथल्या मंडळीतलाच मुलगा, अंकुर. दोघांची पसंती आहे. मुलाची आई मात्र अडून बसली आहे – मुलीला बाप नाही, भाऊ नाही, ह्या घराच्या मागं आहे तरी कोण? म्हणून सुभद्राबाईनं तिला मुद्दाम बावीसच्या घरसभेला बोलावलं आहे. "येऊन पाहा म्हटलं डोयानं. माह्या मागं मंडळी हाये." हे सांगताना तिची मान कशी ताठ झाली होती!

पायल दाराशी उभी होती. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, एरवी बडबडी. आज एवढंच म्हणाली, "आंटी, सभा घरीच झाली पाह्यजे. नाहीतर त्या नाही म्हनतीन."

झालं! आता मला वडीलमंडळाच्या विरुद्ध उभं राहणं आलं. हौस नव्हती.

१४ जानेवारी

शेजारच्या चंदानं तिळगूळ दिला, गोड बोला म्हणे. आज शक्य नाही. सकाळपासून नत्थुजींशी फोनवर भांडतेय.

१६ जानेवारी, गुरुवार

जिंकले!

पाळकसाहेब म्हणत होते, "रागिणीताई, त्यांना ते झेपणार नाही, असं मंडळाचं मत आहे." मी म्हटलं, मंडळाचं राहू द्या, तुमचं मत काय? तर चष्मा पुसायला लागले. नत्थुजींचं एकच पालुपद – गरिबाच्या घरचं खाऊन तिले खड्ड्यात घालता काय? शेवटी मीच तोड काढली. सभा तिच्याच घरी. पण तिथं कोणी काही खायचं नाही! सगळ्यांनी घरून खाऊन यायचं. चहा आपणच मोठ्या थर्मासात न्यायचा. कागदी कपही आपलेच, तिच्याकडे एवढे कप कुठून असणार? म्हणजे सभा झाली, पाहुण्यांना मंडळी दिसली, आणि तिच्यावर भार शून्य.

नत्थुजींची बायको म्हणाली, "हे बेस झालं!" माझ्या आठवणीत ह्या मंडळीत पहिल्यांदाच काहीतरी एकमतानं ठरलं, आणि ते माझं होतं. नोंद असावी.

२१ जानेवारी, मंगळवार

पुन्हा सगळ्यांना फोन. आग्रह करीन सुभद्राबाई, पण तुमी हात लावायचा नाही, म्हटलं. आपल्या लोकांचा भरवसा नाही, बशी दिसली की हात जातो. थर्मास दोनदा घासला, तरी मागच्या लग्नातला आल्याचा वास जात नाही.

देवानंद म्हणे, "लोकायच्या घरी एक घास तं खा लागते." ह्या माणसाला नियोजन म्हणजे काय ते कधी कळणार नाही.

२२ जानेवारी, बुधवार

झालं एकदाचं! आणि किती छान झालं!

खोली गच्च भरली. बाहेर गल्लीत चटया टाकल्या. तीस-चाळीस लोक सहज असतील. अकोल्याच्या बाई अंकुरला घेऊन आल्या होत्या, त्यांना पाळकसाहेबांच्या शेजारी बसवलं. पाळकसाहेब विधवेच्या तेलाच्या भांड्यावर बोलले – तिनं संदेष्ट्याला आधी भाकर करून घातली आणि मग भांडं आटलंच नाही, ते वचन – लांबलं, पण असो. सुभद्राबाई नव्या लुगड्यात इकडून तिकडे.

आणि बाईनं ऐकलं नाहीच! मोठं पातेलंभर सांभारवडी. सांभारवडी म्हणजे काय खायचं काम आहे? सांभार, म्हणजे जुड्याच्या जुड्या कोथिंबीर निवडा, धुवा, चिरा, सारण परता, एकेक पुडी भरून तळा. दोन दिवसांची रजा टाकली म्हणे. वर कढी. गल्लीभरातून कपबश्या मागून आणून मांडून ठेवलेल्या.

पण आमची माणसं सोन्यासारखी वागली! नत्थुजी म्हणाले, शुगर आहे. त्यांची बायको म्हणाली, आताच जेवण झालं. पाळकसाहेबांनी तर कमालच केली, म्हणाले आज माझा उपास-प्रार्थनेचा दिवस आहे. नत्थुजींच्या नातीनं एक वडी उचलली, तर आईनं हळूच हातातून काढून परत ठेवली. सुभद्राबाई प्रत्येकापुढे दोन-दोनदा ताट घेऊन फिरली. "एक तं घ्या. अर्धी तं घ्या." कोणी फुटलं नाही! तिनं मलाही विचारलं. वास इतका सुटला होता की तोंडाला पाणी आलं, पण मीच नियम केलेला. हात जोडले.

मग आम्ही आमचा थर्मास काढला, आमचे कप वाटले. अकोल्याच्या बाई सगळं पाहत होत्या. त्यांच्या हातात बशी होती, तीही त्यांनी खाली ठेवली. बघा, चांगल्या वळणाचं अनुकरण लगेच होतं! निघताना फार बोलल्या नाहीत, पण दमल्या असतील.

तिच्या घरचा एक दाणा खर्ची पडू दिला नाही आम्ही. आज शांत झोप लागेल.

२३ जानेवारी

पाळकसाहेबांनी ग्रुपवर फोटो टाकले – 'वस्तीतील आउटरीच'. स्वतःच्या मंडळीतल्या बाईच्या घरी गेले, तर ते आउटरीच! आणि माझं नाव कुठंच नाही. फोटोत मी अर्धी कापलेली.

२६ जानेवारी, रविवार

सुभद्राबाई उपासनेला आली नाही. पायलही नाही. फोन केला तर उचलत नाही. एवढं राबलो आपण, साधं एक 'बरं झालं' म्हणायला काय जातं माणसाचं? करा आणि मरा! जाऊन खडसावणारच आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

गेले होते. अकोल्याहून नकार आलाय.

मुलाची आई सुभद्राबाईला फोनवर म्हणाली म्हणे, "तुमच्याच मंडळीतलं कोनी तुमच्या घरचं पानी पेत नाही. चहा बी घरून, कप बी घरून. पाह्यलं ना मी."

मी सांगायला लागले – खर्च, भार, तुमच्यासाठीच तर केलं. सुभद्राबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, माह्या आजीच्या दारी बी लोक असेच येत. बसत, गोड बोलत. खात नसत. ते सुटावं म्हनूनच तं तिनं बाप्तिस्मा घेतला होता."

मला चहा विचारला नाही तिनं.