पहिली चावी

संगमनेर,
दि. ३ मार्च २०२५

चि. समर्थ यास वाल्मिकमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या हट्टापुढे हात टेकले. भंगारात निघालेल्या सहाचाकीचा मोठा टर्बो उघडून, धुऊन, तपासून एसटीच्या पार्सलने पाठवला आहे. तुझ्या पिकअपचा मूळचा टर्बो काय वाईट होता, हे मला अजून कळलेलं नाही. कांदा भरून चंदनापुरी घाट चढताना मागचे हॉर्न वाजवतात म्हणून एवढा राग! माझ्यासारखा बहिरा असतास तर सुखात चढला असतास. (फोन करू नकोस, मला नुसती शिट्टी ऐकू येते. पत्रच लिही.)

बसवताना घाई नको. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, त्याचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, तेलाशिवाय त्याचं क्षणभरही चालत नाही. म्हणून नळीतून तेल भर, आणि डिझेल बंद ठेवून नुसता स्टार्टर दहा-बारा वेळा मार. तेल वर चढलं की मगच इंजिन चालू कर.

आणि रीत विसरू नकोस. दाजी गेले त्याच वर्षी तुमची पिकअप आली. बायका कुजबुजत होत्या तरी मी पहिली चावी आक्काच्याच हातात दिली. आताही तसंच. तिच्याआधी कुणी चावीला हात लावायचा नाही. निकिताने आपल्या हळदीचं पहिलं बोट आईनेच लावायचं असं ठरवलंय, पण विधवेने पुढे कसं व्हावं म्हणून आक्का अजून हो-नाही करते आहे. गाडीची चावी फिरवली की तिला धीर येईल.

लोभ आहे तसाच असू दे.

तुझा,
वाल्मिकमामा


टाकळी ढोकेश्वर,
दि. २७ मार्च २०२५

ती. वाल्मिकमामा यांस समर्थचा सा. न. वि. वि.

उशीर झाला, कारण लिहायला तोंड नव्हतं. टर्बो बसवला. आईने चावी फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली, आणि बऱ्याच दिवसांनी आई मोकळी हसली. दोन खेपा झाल्या. तुम्ही म्हणायचात तसंच निघताना ओढ कमी, काळा धूर फार, पण एकदा वेग धरला की गाडी नुसती पळत होती.

तिसऱ्या खेपेला घाटात पांढरा-निळा धूर निघाला आणि इंजिन आपोआप वेग धरत गेलं. चावी बंद केली तरी थांबेना, डिझेलऐवजी स्वतःचंच तेल पीत होतं. शेवटचा गिअर टाकला, ब्रेक दाबून धरला आणि क्लच सोडला, तेव्हा कुठे बंद पडलं. मला काही लागलं नाही. इंजिन मात्र गेलं. गाडी ओढून आणून दारात उभी केली आहे.

शेजारच्या बनुबाई पाहायला आल्या आणि म्हणाल्या, हात कुनाचा लागला ते बगायला नको व्हय. आई तेव्हापासून गाडीजवळ फिरकत नाही. मी तेल भरलं होतं मामा. नशीबच म्हणायचं. टर्बो पोत्यात घालून परत पाठवतो आहे.

राग धरू नये, माया असावी.

आपला,
समर्थ


संगमनेर,
दि. ६ मे २०२५

चि. समर्थ यास अनेक आशीर्वाद.

लग्न पार पडलं, पोर सासरी गेली. पण मला घास गोड लागत नाही. हळदीला आक्का कोठीत तांदूळ मोजत का बसली होती? मी जाऊन ओरडून विचारलं. तिचे ओठ हलले, मला काही कळलं नाही. चाळीस वर्षं स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून लोकांची इंजिनं ऐकली, आणि सख्ख्या बहिणीचं एक वाक्य ऐकू आलं नाही.

लग्नाच्या गडबडीत तुझं पोतं तसंच पडलं होतं. काल उघडलं. बेअरिंग कोरडं जळून निळं पडलं आहे, म्हणूनच टर्बोतलं तेल इंजिनात गळलं. हे नशीब नव्हे. तू स्टार्टर मारला नाहीस. का मारला नाहीस, तेही माझं जुनं पत्र आठवल्यावर उमगलं. स्टार्टर मारायचा तर चावी फिरवावी लागते, आणि आक्काच्या आधी चावीला हात लावू नकोस असं मीच लिहिलं होतं. दोन्ही गोष्टी एकदम पाळता येणार नाहीत, हे मला म्हाताऱ्याला सुचलं नाही. निम्मी चूक माझी. पण तोंड मिटून आईला कोठीत बसू दिलंस, ती चूक अख्खी तुझी. पोतं उघडायला मीही महिना लावला, त्याचं मला फार वाईट वाटतं.

आजच तिला सगळं सांग. बनुबाईंच्या देखत सांग. मी येऊन इंजिन खोलतो.

वाल्मिकमामा


टाकळी ढोकेश्वर,
दि. १५ मे २०२५

चि. वाल्मिक यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

समर्थने ओट्यावर बसून सगळं सांगितलं, बनुबाईंना बोलावून सांगितलं. इतका चांगला ड्रायव्हर म्हणवून घेतो आणि साधं तेल चढवलं नाही, याची लाज वाटली म्हणे. रडला. मी जवळ घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या आवडीचं पिठलं केलं, आईच्या जातीला किती राग धरता येतो?

तू कोठीत विचारलंस तेव्हा मी म्हणाले होते, माझा हात लागला की वाटोळं होतं, पोरीचं नको व्हायला. पाटावरून निकिताने मला दोनदा हाक मारली होती रे. मी तांदूळ मोजते आहे म्हणून सांगितलं. मोजायला कुणीच सांगितलं नव्हतं.

परवा ती माहेरी आली. मी वाटीत हळद कालवून तिच्या गालाला लावली. ती हसली आणि मग गळ्यात पडून रडली. म्हणाली, आई, त्या दिवशी हवी होतीस.

तुझ्यावर माझा राग नाही. माझ्यासाठी भांडणारा तूच होतास. गाडीचा मूळचा टर्बो समर्थने पुसून फडताळात ठेवला आहे, तोच बसवू. तू ये. आधी हवा तेवढा स्टार्टर मारा, तेल चढू दे, मग मला बोलवा. चावी पहिली असो की तेरावी, मला चालेल. फक्त या वेळी मला दोनदा हाक मारावी लागणार नाही.

वाट पाहते,
तुझी आक्का