स्टिअरिंगचं ऑइल आणि नाशिकचा रस्ता

१२ जानेवारी, रविवार
वसुमती अजून नाशिकलाच. दिवाळीनंतर श्रुतिकाकडे गेली, नातवाला सांभाळायला. तात्पुरती. लेकीच्या घरी तिला करमत नसणारच, बोलून दाखवत नाही एवढंच. एसटीत गुडघे धरतात, म्हणून अडलंय. तेव्हा मी स्वतः गाडी घेऊन जाणार आणि तिला घेऊन येणार. प्रश्न फक्त स्टिअरिंगचा. जड लागतं आणि वळवलं की गाईसारखं हंबरतं. जव्हारच्या वळणांवर हे चालायचं नाही. निदान मीच केलं: पॉवर स्टिअरिंगचं ऑइल जुनं झालंय. तलासरीला शैलेशच्या गॅरेजमध्ये न्यायची काही गरज नाही. तहसील कचेरीत जन्म गेला माझा. ऑइलची एक डबी रिकामी करून भरता येणार नाही?

१३ जानेवारी, सोमवार
स्टेशनजवळून लाल ऑइल आणलं. मेडिकलमधून मोठी सिरिंज. शेजारच्या दक्षाबेन घाबरल्या. म्हणाल्या, "प्रल्हादभाई, कोण आजारी आहे?" सगळं समजावून सांगितलं. पंप, पाइप, दाब. त्यांच्या घरातून डाळ करपल्याचा वास येईपर्यंत थांबल्या बिचाऱ्या. या आठवड्यात कोणाशी एवढं बोलणं झालं नव्हतं. काम उद्या.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. सणाला हात काळे करू नयेत. वसुमतीला फोन केला. मागे नातू रडत होता. म्हणाली, "तिळगूळ आणलात का? नंतर करते फोन." नंतर आला नाही. डोळा लागला असेल.

१५ जानेवारी, बुधवार
काम फत्ते! सिरिंजने डबीतलं ऑइल ओढलं. काळंकुट्ट. मग मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या माणसाने काढला तसा पाइप काढून उरलेलं वरणाच्या पातेल्यात सोडलं. (तसलंच नवीन आणून ठेवीन, वसुमतीला कळणार नाही.) नवीन ऑइल भरलं. थोडं इंजिनावर सांडलं, पण त्याने गंज धरत नाही. शेवटी एक क्लिप उरली. कंपनीवाले एखादी जास्तीची देत असावेत. ड्रॉवरमध्ये ठेवली.

आत अडकलेली हवा जायला इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवायचं असतं. जागेवरच. फिरवत बसलो. हे कासा आलं. हे जव्हार. इथे वसुमतीला चहा लागणार, घ्या गाडी बाजूला. मोखाड्यापर्यंत छान गप्पा झाल्या. दक्षाबेन कुंपणावरून म्हणाल्या, "भाई, गाडी तर उभी छे. तुम्ही बोलता कोणाशी?"
म्हटलं, ब्लूटूथ.

१८ जानेवारी, शनिवार
चाचणी. गाडी सायवनच्या रस्त्याला घातली. हंबरणं वाढलं होतं, पण ऑइल मुरायला वेळ लागतो. एका वळणावर स्टिअरिंगचा एकदम दगड झाला. दोन्ही हातांनी ओढलं तरी हलेना. गाडी भाताच्या रिकाम्या खाचरात तोंड घालून थांबली. मागे रस्त्यावर लाल ऑइलची रेघ. गळतीची जागा तरी सापडली म्हणायची.

शैलेशला फोन करावाच लागला. तो येईपर्यंत खाचराशेजारच्या घरातल्या नवशीबाईंनी ओट्यावर बसवलं. तांदळाची भाकर दिली, लाल चटणी दिली. गरम भाकर किती दिवसांनी खाल्ली! त्यांनी विचारलं, "घरी कोण हाय?" म्हटलं, बायको वाट बघत असेल. "मंग तिला फोन करा ना." म्हटलं, रेंज नाही. होती.

शैलेश मोटारसायकलवर आला. बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "काका, पाइपची क्लिप कुठाय?" मी म्हटलं, घरी, सुरक्षित आहे. त्याने दुसरी लावली, ऑइल भरलं, हवा काढली. म्हणाला, "ब्रेक लागले म्हणून वाचलात." असो. मुख्य काम माझंच झालेलं होतं.

२० जानेवारी, सोमवार
वसुमतीला कळवलं: स्टिअरिंग मी स्वतः दुरुस्त केलं, लोण्यासारखं फिरतंय, रविवारी न्यायला येतो. म्हणाली, "या ना. येताना चिकू आणा." म्हणजे हो. तिचं कपाट पुसून घेतलं. गाद्या उन्हात टाकल्या. दोन्ही.

२६ जानेवारी, रविवार
नाशिक. नातू मला पाहून रडला, चिकू पाहून थांबला. जेवणानंतर गाडी एका बोटाने वळवून फाटकाशी लावली. वसुमती मोठी पिशवी घेऊन खाली आली. मी उतरून पुढचं दार उघडलं. तिने पिशवी सीटवर ठेवली, पिशवीलाच पट्टा लावला. म्हणाली, "लिंबाचं लोणचं आहे. वळणावर सांभाळा." आणि बाहेरूनच दार लावलं.

मी विचारलं, "आणि तू?"
"इथे माझ्यावाचून अडतं हो त्यांचं."
म्हटलं, "माझंही..."
"तुमचं काय अडतंय? गाडीसुद्धा स्वतः दुरुस्त करता की आता."
मी वळसा घालून स्टिअरिंगवर जाऊन बसलो.

२७ जानेवारी, सोमवार
काल अंधार पडता पडता पोचलो. जव्हारला चहाला थांबलो नाही. लोणच्याची बरणी जागची हलली नाही.
सकाळी दक्षाबेननी विचारलं, "वहिनी आल्या?"
म्हटलं, स्टिअरिंग एकदम हलकं झालंय.