शेंगापोळीचा चोर

जगदेवी,
माझं सुटलेलं पोट उतरावं म्हणून वैद्यांनी हुलग्याचं माडगं आणि बिनतुपाची भाकरी सांगितली. तू तीन महिने तेच वाढलंस. तरी पोट उतरेना, म्हणून काल माझा लेक चनबसप्पा तुला म्हणाला, "आप्पांना चोरून तूप घालतीस की." तू रडलीस, आणि मी गप्प बसलो.

पोरी, सिद्धेश्वराला म्हणून सकाळी निघतो तो मी चंद्रव्वाकडं जातो. बहीण तुपात बुडवून शेंगापोळी देते. "सून उपाशी ठेवती व्हय रे?" असं विचारते, आणि मी मान हलवतो.

आता दुकानात जाऊन लेकाला सगळं सांगतो. तुझ्या माहेरची गाडी दुपारची आहे. तोवर त्याला घेऊन येतो. आमच्या दोघांची माफी ऐक. मगही जावंसं वाटलं, तर तुझं गाठोडं स्टेशनापर्यंत मीच उचलीन.

तुझा सासरा,
धोंडप्पा