काचेतलं ऊन

आई,

हिवाळा सुखाने सरतोय ना? मेंढ्या अंगाने बऱ्या आहेत ना?

उलानबातरच्या दवाखान्यात ऊब आहे, मी जेवते. बिलगूनचे झटके थांबलेत, काल दूधही प्यायला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याच्या अंगातलं ड जीवनसत्त्व पार संपलंय, म्हणूनच झटके आले. मी तुमच्याबद्दल सांगितलं, "सासूबाई दोन्ही जुळ्यांना तंबूत उन्हाच्या कवडशामागे दिवसभर सरकवतात."

"छताला काच आहे ना? मग नुसती ऊबच मिळते. काचेआडच्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही."

मीही तेच करत होते, आई.

हे पत्र आणणाऱ्या ड्रायव्हरकडे ड जीवनसत्त्वाच्या थेंबांची बाटली दिलीय. तेमुलेनला आजपासून रोज एकच थेंब द्या. धडधाकट पोराला औषध कशाला, म्हणू नका. झटक्याच्या आदल्या दिवशी बिलगूनही धडधाकटच होता.

ड्रायव्हरला उद्यापर्यंत तिथेच थांबायला सांगितलंय. तेमुलेन थरथरला, तर त्याला उचला आणि गाडीत बसा.

तुमची सून,
दुलमा