कट्ट्याच्या स्थळी सुटलेली लाळ

मालवण,
१० फेब्रुवारी १९६४

तीर्थस्वरूप नानामामांच्या चरणी परशुरामाचा नमस्कार. ('तीर्थरूप' फक्त वडिलांना लिहितात, म्हणून 'स्व' घातला आहे; आदर कमी समजू नये.) मामी व वालावलची सर्व मंडळी बरी असतील. आपला गुडघा कसा आहे? तो आखडला नसता तर काल आपण सोबत असता आणि मी गप्प बसलो असतो. इकडे सर्व क्षेम, असे लिहिणार होतो, पण ते खरे नाही.

आपण जमवलेल्या कट्टा गावच्या स्थळी मी आपले नाव घालवले. मुलीचे वडील हरिश्चंद्रशेट यांनी शाळेत काम काय करतोस म्हणून विचारले. प्रयोगशाळेतल्या बरण्या पुसतो, एवढे सांगून थांबायचे होते. पण आमच्या कॉस्मे मास्तरांनी नुकतेच नव्या पुस्तकातले पेशींचे फोटो मला समजावले होते, ते पोटात राहीना. मी सांगू लागलो की लाळ म्हणजे नुसते पाणी नव्हे, तिच्यात प्रथिने असतात ('थि' ऱ्हस्व). लाळेच्या ग्रंथींतल्या पेशी ती आत बनवतात, इवल्याशा पिशव्यांत भरून कडेच्या भिंतीपाशी आणून ठेवतात, आणि इशारा मिळाला की पिशवी भिंतीला चिकटून उघडते व माल बाहेर पडतो. इशारा कसला, असे त्यांनी विचारले. समोर गुळात घोळलेल्या खाज्याची बशी होती. तिच्याकडे हात करून मी म्हटले, "असं काही समोर आलं की." नेमकी तेव्हाच चंद्रावती चहा घेऊन बशीमागे येऊन उभी राहिली.

आत बायका हसल्या. हरिश्चंद्रशेट शांतपणे म्हणाले, "माज्या चेडवाक बघून लाळ सुटली म्हणतस, तां पण पुस्तकाच्या आधारान?" माझ्यासोबत आलेल्या आबांना (त्यांना ऐकू येत नाही हे आपण जाणताच) वाटले लग्नाचेच काही विचारले. ते म्हणाले, "व्हय, व्हय." आता खाजा खाल्ला तर आरोप खरा, न खाल्ला तर यजमानांचा अपमान. मी तो हातात धरून बसलो. एस.टी.त चढलो तेव्हाही तो हातातच होता.

मामा, लाजेने मला मान वर करवत नाही. आपण कट्ट्यास जाऊन माफी मागावी आणि स्थळ आपल्याकडूनच मोडावे. त्यांनी मोडण्यापेक्षा ते बरे दिसेल.

आपला आज्ञाधारक भाचा,
परशुराम

ता. क. स्थळ मोडण्याचे वाक्य खोडायचे होते, पण वडीलधाऱ्यांना खाडाखोडीचे पत्र पाठवू नये. ते वाचले नाही असे समजावे. माफी मात्र जरूर मागावी.

आणखी ता. क. कारण लिहायचे राहिले. निघताना मी पायरीशी चपला शोधत होतो. चंद्रावती दाराआडून हळूच म्हणाली, "मगे माल ओतल्यार ती पिशवी खंय जाता?" मी सांगितले, कुठेच जात नाही, भिंतीत मिसळते आणि त्या घरचीच होते. ती म्हणाली, "म्हणजे सून."

मी 'होय' म्हटले आहे. ते आता आपण निभवावे.