मुलींची सुट्टी, माझं वेळापत्रक

२२ डिसेंबर, सोमवार. सकाळी ६:१०
मुलींना आजपासून हिवाळ्याची सुट्टी. मीही दहा दिवसांची रजा टाकली आहे. बावीस वर्षं बस डेपोत वाहतूक नियंत्रक आहे. रोज एकशे चाळीस गाड्या माझ्या तक्त्याप्रमाणे सुटतात. दोन मुली म्हणजे किस झाड की पत्ती.

बायको म्हणत होती, दोघींना मावशीकडे पाठवू, तिथे त्यांच्या वयाची मुलं आहेत. मी साफ नाही म्हणालो. गेल्या सुट्टीत दोघी मोबाइल घेऊन सोफ्यावर लोळल्या आणि शाळा उघडली तेव्हा धाकटीला सातचा पाढा आठवेना. या वेळी हातपाय आणि डोकं, दोन्ही चालू ठेवायचं. ही म्हणाली, बघ हं, माझी सकाळची ड्यूटी आहे, मुलांचा वॉर्ड सोडून मला धावत येता येणार नाही. मी म्हटलं, तू निर्धास्त जा.

तक्ता तयार. चार रंगांत. फ्रिजवर लावला.

सकाळी ७:००
व्यायामाची वेळ. दोघी झोपलेल्या. पहिला दिवस, म्हणून सवलत.

सकाळी ९:३०
सवलत संपली. थोरली, वय वर्षे अकरा, तक्त्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, यात शू करायला कधी जायचं?" रास्त सूचना. दुरुस्ती केली: १०:५५ ते ११:००.

२३ डिसेंबर, मंगळवार
व्यायाम झाला. दोरीवरच्या उड्या. थोरली नव्वद, धाकटी चाळीस, मी बारा. गुडघ्याला जुनी तक्रार आहे.

खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर वर आले. त्यांना तक्ता दाखवला. ते म्हणाले, उत्तम आहे, यात माझ्या झोपेचाही एक रकाना घाला.

विज्ञान: खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा ज्वालामुखी. प्रमाण किंचित चुकलं. स्वयंपाकघराचं छत पुसण्यात गणिताचा तास गेला, पण शिडीवर चढणं हाही व्यायामच.

दुपारी डेपोत फोन केला. सहज. माझ्या जागी बसलेल्या बाई म्हणाल्या, साहेब, सगळ्या गाड्या वेळेवर आहेत. आवाजावरून दडपणाखाली वाटल्या. मागे कुणीतरी हसत होतं.

२४ डिसेंबर, बुधवार
सामान्यज्ञान स्पर्धा. मी प्रश्न विचारायचे, उत्तर चुकलं की शिट्टी. पाचव्या शिट्टीला धाकटी रडली. सात वर्षांच्या मुलीला स्पर्धेची सवय नको का? थोरली म्हणाली, "तू आमच्याबरोबर खेळणार आहेस, की नुसती शिट्टी वाजवणार?" पंच खेळत नसतो, हे तिला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तिचं हे ऐकून घेणं मला आवडत नाही. अगदी आईसारखं आहे.

डेपोत दोनदा फोन. बाईंनी चौदा नंबरची गाडी चार मिनिटं अलीकडे आणली आहे. म्हणाल्या, आता शेवटच्या थांब्यावर गर्दी होत नाही. नऊ वर्षं ती वेळ माझी होती. योगायोग असतो.

२६ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी ९:२०
काल डोकेदुखीमुळे नोंद नाही. तक्ताही बंदच होता.

आज मोठा उपक्रम: नकाशावाचन. घर ते वाचनालय. बाराशे मीटर, पाच वळणं, एक सिग्नल. नकाशा मी स्वतः काढला आहे. मुली पुढे, स्वतःच्या जबाबदारीवर. मी चाळीस पावलं मागे. दिशाज्ञान, चालणं, आत्मविश्वास, एका दगडात तीन पक्षी. धुकं दाट आहे. थोरलीने विचारलं, उद्या जाऊया का? मी म्हटलं, धुक्यात डेपो बंद ठेवतात का? गाड्या फक्त हळू चालवतात.

हिला सांगितलेलं नाही. ही साडेसहालाच गेली. संध्याकाळी एकदम यशाचीच बातमी देऊ.

९:४५
निघालो. वही सोबत आहे. थोरलीच्या हातात नकाशा, धाकटीच्या हातात थोरलीची बाही. धाकटीची लाल टोपी नीट दिसते. तिने तीनदा मागे वळून पाहिलं. मी हात केला.

९:५८
दुसरं वळण. डेपोतून फोन आला. धुक्यामुळे तातडीचा सल्ला हवा होता. बंद दुकानाच्या पायरीवर थांबून दोन मिनिटं बोलावं लागलं.

१०:१७
मुली दिसत नाहीत. काळजीचं कारण नाही. नकाशा अचूक आहे.

१०:२९
वाचनालय. दाराला कुलूप. पाटी: दोन तारखेपर्यंत बंद. पायरीवर नकाशा पडलाय. मुली नाहीत.

१०:४१
सिग्नल. कोपऱ्यावरच्या फळवालीला विचारलं, दोन मुली, एकीची लाल टोपी? ती म्हणाली, "दादा, मला इथे माझंच गिऱ्हाईक दिसेना." मग टोपल्या तशाच सोडून रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघून आली. नाहीत.

११:०५
घर. कुलूप तसंच. पोस्टमास्तरांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि कानटोपी चढवून मागच्या गल्लीकडे गेले.

११:२०
लाल टोपी! धावलो. हाक मारली. दुसरीच मुलगी. तिच्या आईने तिला माझ्यापासून बाजूला ओढलं.

११:३२
अक्षर नीट येत नाही. हिचा फोन लागत नाही, ड्यूटीवर लॉकरमध्ये असतो. पोलीस चौकी आणि हिचं रुग्णालय एकाच रस्त्यावर आहेत. आधी हिला सांगायला हवं. काय सांगू? मुली माझ्याकडे होत्या. ठीक होत्या. दहा वाजेपर्यंत ठीक होत्या.

दुपारी २:००
सापडल्या.

मुलांच्या वॉर्डात, सिस्टरांच्या खोलीत, स्टुलावर बसून कापसाचे गोळे करत होत्या. वाचनालय बंद पाहून थोरलीने वाट पाहिली, मग धाकटीला घेऊन विचारत विचारत आईचं रुग्णालय गाठलं. वाटेत मोठा चौक लागतो, चार रस्त्यांचा. तो माझ्या नकाशात नाही.

मी दारात उभा राहिलो. चौकट धरून. हिच्या हातात एका पेशंटचा तक्ता होता. हिने विचारलं, "तू होतास ना यांच्या मागे?" मी काही बोलायच्या आत थोरली म्हणाली, "होता. धुक्यात दिसत नव्हता, इतकंच." आणि कापूस ओढू लागली. माझ्याकडे पाहिलं नाही.

म्हणजे एकंदरीत उपक्रम यशस्वी. मुलींनी अनोळखी रस्त्यावर प्रसंगावधान दाखवलं. हेच तर शिकवायचं होतं.

२७ डिसेंबर, शनिवार
तक्ता तात्पुरता स्थगित. मुलींना विश्रांती हवी.

धाकटी बाथरूमला जातानाही थोरलीला दाराशी उभी करते. दर अर्ध्या मिनिटाने आतून विचारते, "आहेस ना?" बाहेरून उत्तर, "आहे." मी म्हटलं, मी उभा राहतो. आतून आवाज आला, नको, ताईच.

थंडीमुळे मुलं हळवी होतात.

२८ डिसेंबर, रविवार
हिला सुट्टी. चहा पिताना हिने सहज विचारलं, वाटेत काही झालं होतं का? डेपोतून तातडीचा फोन आला होता, दोनच मिनिटं, असं सांगितलं. ही म्हणाली, "तुझ्याशिवाय अडलं असेल त्यांचं." टोमणा होता की नाही, कळलं नाही. दुपारभर विचार केला. नसावा.

थोरली माझ्याशी अगदी व्यवस्थित बोलते. हो बाबा. नाही बाबा. डेपोत वरचे साहेब येतात तेव्हा आम्ही बोलतो तसं.

२९ डिसेंबर, सोमवार. सकाळी ११:१५
मी छत पुसत होतो, ज्वालामुखीचा डाग अजून आहे. फोन वाजला, थोरलीने उचलला. डेपोतल्या बाई. फोन स्पीकरवर होता. बाई म्हणाल्या, "बाळा, बाबांना सांग, शुक्रवारी त्यांनी फोन केला तेव्हा इथे फार गडबड होती. ते इतका वेळ बोलत होते, पण माझं लक्षच नव्हतं. रागावले तर नाहीत ना?"

थोरली म्हणाली, सांगते. फोन ठेवला. मी शिडीवर होतो. ती खाली उभी. तिने एकदा वर पाहिलं. आत गेली आणि दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

३० डिसेंबर, मंगळवार. सकाळी ६:००
ही युनिफॉर्मला इस्त्री करत होती. मी तिथे जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं. फोन आला नव्हता. मी केला होता. धुक्यात माझी आठवण काढतील असं वाटलं होतं. कुणी काढली नाही, म्हणून मीच केला. आणि दोन मिनिटं नाही, सतरा. चौदा नंबरच्या गाडीवर वाद घालत होतो. पाठ रस्त्याकडे होती.

हिने इस्त्री उभी ठेवली. म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. ती खोटं बोलताना हाताला काम लावून घेते." मग कॉलर उलटवून पुन्हा इस्त्री फिरवली. "त्या चौकात रोज अपघात होतात. जखमी मुलं आमच्याकडेच येतात. दोघींना वॉर्डाच्या दारात पाहिलं तेव्हा माझं काय झालं असेल, हे तुला आयुष्यभर सांगणार नाही." इस्त्री बंद करून म्हणाली, "मला नको सांगूस. तिला सांग."

सकाळी १०:४०
दोघी पांघरुणात बसून पत्ते खेळत होत्या. तक्त्याप्रमाणे ही भूगोलाची वेळ. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं.

थोरली पत्ते पिसत राहिली. म्हणाली, "ही सारखी विचारत होती, बाबा येतोय ना? मी म्हणत होते, मागेच आहे. मग मलाच कळेना, मी खरं बोलतेय की खोटं." पत्ते खाली पडले.

आईला खोटं का सांगितलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तू दारात कसा उभा होतास, तू पाहिलं नाहीस."

मी चुकलो, म्हणालो. यापुढे कधीच असं होणार नाही, असंही म्हणणार होतो. म्हणालो नाही.

धाकटीने पत्ते गोळा केले आणि तीन वाटे केले. मला हा खेळ येत नाही हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. सात डाव झाले, सातही हरलो. आठव्याला धाकटी वैतागली. म्हणाली, "बाबा, तुझी पाळी आहे. कुठे बघतोयस?"

तिच्याकडेच बघत होतो.