लसींच्या फ्रीजमधला डबा

२ एप्रिल
रजा संपून आठवडा झाला. आरोग्य केंद्रात अकराला आणि अडीचला ड्रेसिंगच्या खोलीत कडी लावून दूध काढते. आज चार तास लाइट नव्हती. स्टाफरूमच्या फ्रीजमधलं दूध आंबलं, बेसिनमध्ये ओतलं. माझी लेक पि. सात महिन्यांची, मी बेचाळीसची.
सासूबाई म्हणाल्या, "पावडर आन. तुले कोनाले काय दाखवाचं हाये?"
खरंच, कोणाला?

५ एप्रिल
लाइट गेली तरी थंड राहतो तो एकच, लसींचा फ्रीज. त्यात लसीशिवाय काही ठेवायचं नाही, हे नव्या सिस्टरांना मीच शिकवते. मी औषधनिर्माता, किल्ली माझ्याकडे. आज डबा ठेवला. जागा होईना म्हणून एक जाळीची टोपली बाहेर काढली, तिच्यातल्या कुप्या तळाशी ठेवल्या. दूध घरी नीट पोचलं. पि. वाटीभर प्यायली.
रंजना सिस्टर: "मॅडम, तुमचं दूध सरकारी थंडाव्यात, अन् आमचं वरण आंबून राह्यलं." हसलो दोघी. मी जरा जास्तच हसले.

१६ एप्रिल
लसीकरण. कोलाम पोडावरून, त्या आदिवासी वस्तीतून, नऊ मुलं आली. पि.चा तापामुळे राहिलेला, डांग्या खोकल्याच्या लसीचा तिसरा डोसही आज, त्यांच्याच कुपीतून. दहा डोस, कुपी संपली. पोडावरची लक्ष्मी तिच्या सोनूला पाजत बाकावर बसली होती. माझा ओला ब्लाउज तिनं पाहिला आणि माझा पदर नीट केला.

२१ एप्रिल
साठा पाहताना तळाची कुपी हलवली. लस एकसारखी पांढुरकी व्हायला हवी होती. तिच्यात कण दिसले, ते लगेच कुपीच्या बुडाशी साचले. दुसरी, तिसरी, तेच. फ्रीजच्या तळाशी लस गोठते, म्हणून तर टोपली. थर्मामीटर वरच्या टोपलीत, तिथे सगळं ठीक.
गोठलेली लस अपाय करत नाही. संरक्षणही करत नाही.
१६ तारखेची कुपी याच ओळीतली. मीच काढून दिली. हलवून पाहिली होती का? घाई होती, छाती ठणकत होती. ही सबब झाली.
कुप्या वेगळ्या ठेवल्या. डबा काढला, टोपली परत लावली. डॉक्टरांना सांगितलं नाही. नोकरी गेली तर

२३ एप्रिल
नवा साठा आला. पि.ला गुपचूप पुन्हा टोचता येईल. पण नवी कुपी उघडली की दहा डोस. एक तिला. उरलेल्या नऊंचे मालक पोडावर आहेत. नाही टोचलं. यात चांगुलपणा किती आणि भीती किती, माहीत नाही.

६ मे
लक्ष्मी सोनूला घेऊन आली. खोकल्याची उबळ थांबेना, शेवटी श्वास ओढताना हुप्प असा आवाज. चेहरा निळसर.
डॉक्टरांनी विचारलं, "तिन्ही डोस झालेत ना?"
मी रजिस्टर पाहिलं. "हो."
"मग डांग्या नसावा." साधं औषध लिहून दिलं.
लक्ष्मी दारात थांबली. "सुई तं तुमीच देल्ली होती ना, मॅडम? मंग हे कायले झालं?"
सोनू रडली आणि मला पान्हा फुटला. फाइल छातीशी धरून उभी राहिले.

७ मे
सकाळी रंजना सिस्टर पोडावर जाऊन आल्या. आणखी दोन मुलं खोकतायत, सोनू दूध ओढत नाही. मी "हो" म्हटलं त्याला एक दिवस झाला.
सगळं एका कागदावर लिहिलं. डबा, टोपली, तारीख, दहा नावं. दहावं पि.चं. डॉक्टर तालुक्याला मीटिंगला गेलेत, त्यांच्या केबिनबाहेर बसून हे लिहितेय. अकरा वाजून गेले. दूध काढलेलं नाही, छातीचे दगड झालेत. घरी पि. आज पिताना दोनदा ठसकली. ठसकाच असेल. साठ्यातल्या कुपीसारखं आता मी तिलाही मनात हलवून पाहतेय.
गेटपाशी डॉक्टरांची गाडी वळल्याचा आवाज आला. कागद अजून पर्समध्येच आहे.